लडाखचे पाहुणे आक्षीच्या पुळणीवर

सप्टेंबर उजाडला की मुंबई-पुण्याच्या विमानतळांवर लेहला निघालेल्या मराठी मंडळींचे घोळके दिसू लागतात. नवे कोरे बूट, उंची बाधू नये म्हणून घेतलेल्या गोळ्या आणि पिशवीत चिवडा-लाडूचे डबे. पाऊस ओसरलेला, थंडी अजून बेताची, आकाश धुऊन काढल्यासारखं. उंच हिमालय पाहायला याहून चांगले दिवस नाहीत, हे आता सगळ्यांना कळलेलं आहे. त्सो मोरीरी आणि त्सो कार ही चांगथांग पठारावरची दोन सरोवरं या सहलींच्या यादीत हटकून असतात. दोन्ही समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ पावणेतीन पट उंच. दोन्ही रामसर यादीतली पाणथळं. त्सो मोरीरीचा त्या यादीत समावेश २००२ साली झाला, त्सो कारचा २०२० साली.

या प्रवाशांना सहसा माहीत नसतं ते एवढंच, की त्या तळ्यांच्या काठी उन्हाळा काढणारे काही रहिवासी त्याच आठवड्यांत उलट्या वाटेने निघालेले असतात. काही तर आधीच पोचलेले असतात. कुठे? अलिबागपासून चार-पाच किलोमीटरवर, आक्षीच्या पुळणीवर.

त्यांच्यातला सगळ्यात गमतीचा पाहुणा म्हणजे एक चिखल्या. इंग्रजीत त्याला लेसर सँड प्लव्हर म्हणत. अलीकडे शास्त्रज्ञांनी त्याच्या दोन जाती केल्या, आणि हिमालय, तिबेट, पामीर या भागात वीण करणारा तो आता तिबेटन सँड प्लव्हर झाला आहे. वजन साठ-सत्तर ग्रॅम, लांबी जेमतेम वीतभर. लडाखच्या उजाड, खडीच्या जमिनीवर उघड्यावर हा घरटं करतो. जून-जुलैत पिल्लं होतात. मग मोठे पक्षी आधी निघतात आणि पिल्लं मागाहून, आईबापांशिवाय, आपली आपण येतात. चांगथांग ते अलिबाग हे अंतर सरळ रेषेत सतराशे किलोमीटरच्या आसपास भरतं. ज्याने समुद्र कधी पाहिलेला नाही असं काही आठवड्यांचं पाखरू ते तोडून कोकणच्या किनाऱ्याला लागतं, आणि उतरल्या उतरल्या ओल्या वाळूत किडे-गांडुळं टिपू लागतं. आक्षीला दिसणारा प्रत्येक चिखल्या लडाखचाच असतो असं नव्हे. थवे तिबेटकडून येतात, त्याच्याही पलीकडून येतात. पण कुळी उंच पहाडातली.

तो पाहायला सुरुवातीच्या शरदातच का जायचं, याला कारण आहे. विणीच्या काळात या पक्ष्याची छाती विटकरी-तांबूस असते आणि डोळ्यांवरून काळी पट्टी गेलेली असते. किनाऱ्यावर उतरताना या पोशाखाच्या खुणा काही पक्ष्यांच्या अंगावर शिल्लक असतात. ऑक्टोबरपर्यंत पिसं बदलतात आणि सगळा थवा राखी-पांढरा, एकसारखा दिसू लागतो. नाताळच्या सुट्टीत येणाऱ्या पर्यटकाला ‘वाळूवर पळणारी कसली तरी करडी पाखरं’ एवढंच दिसतं. सप्टेंबरात आलेल्याला हिमालयातला रंग उतरताना दिसतो.

आता वेळेचं गणित. रायगडच्या किनाऱ्यावर सहलीचं वेळापत्रक घड्याळावर आखणारा माणूस हमखास फसतो. इथे तिथी लागते. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा ठोकताळा सोपा आहे: तिथीच्या आकड्याला तीनने गुणायचं आणि चाराने भागायचं, येईल तो पूर्ण भरतीचा तास. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पुनवेला-अवसेला बाराच्या सुमारास. दिवसातून दोनदा भरती, आणि दोन भरत्यांच्या मधोमध ओहोटी. हे थोडंफार मागेपुढे होतं, पण सहल आखायला पुरेसं आहे. पुनवे-अवसेच्या आसपास पाण्याची चढउतार मोठी, ते उधाण. अष्टमीच्या आसपास ती कमी, ते भांग. ज्याला अचूक वेळ हवी त्याने भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक पाहावं. पण हा हिशेब तोंडपाठ असेल तर अलिबागच्या एसटीत बसल्या बसल्या दोन दिवसांचा बेत ठरतो.

पक्षी पाहायला भर ओहोटीत जाऊ नये. पाणी अर्धा-एक किलोमीटर आत गेलेलं असतं आणि पक्षी त्याच्या कडेला, म्हणजे दुर्बिणीतूनही ठिपक्याएवढे. भरती पूर्ण व्हायच्या दोन तास आधी पुळणीवर पोचावं. पाणी चढत येतं, पक्ष्यांची जागा आक्रसते, आणि ते आपण होऊन माणसाच्या दिशेने सरकत येतात. बघणाऱ्याने फक्त हलायचं नाही. आक्षी ते नागाव हा पट्टा मुंबईच्या पक्षीनिरीक्षकांच्या आवडीचा आहे तो या सोयीमुळेही. सपाट, लांब पुळण, मागे सुरूची बनं, एका अंगाला साखर-आक्षीची खाडी आणि कोळ्यांच्या होड्या. लडाखी चिखल्यांच्या बरोबरीने सायबेरियाच्या उत्तर टोकाकडून आलेले सँडर्लिंग लाटेच्या पुढे-मागे पळत असतात. ऑयस्टरकॅचर हा लांब तांबड्या चोचीचा काळा-पांढरा पक्षीही इथे भेटतो.

कुरव मात्र जरा उशिरा येतात. तपकिरी डोक्याचा कुरव हाही लडाख-तिबेटच्या सरोवरांवर वीण करणारा. ऑक्टोबर सरता सरता तो मोठ्या संख्येने दिसू लागतो, तोवर त्याचं चॉकलेटी डोकं पांढरं झालेलं असतं आणि कानामागे तेवढा एक काळा डाग उरतो. मुंबईहून मांडव्याला लाँचने येणाऱ्या प्रत्येकाने हे पक्षी पाहिलेले आहेत. लाँचच्या मागे घिरट्या घालतात, आणि प्रवासी त्यांना गाठिया नि वेफर्स फेकतात ते हेच. त्सो मोरीरीवर वाढलेल्या पक्ष्याला तळलेलं बेसन खाऊ घालण्यात पुण्य आहे अशी कुणाची समजूत असल्यास ती सोडून द्यायला हवी.

मांडव्याच्या या वाटेबद्दल थोडं. गेटवेहून सुटणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात आणि साधारण सप्टेंबरात पुन्हा सुरू होतात. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो बोट चालते. तीत गाडी घालून तासाभरात पलीकडे उतरता येतं. रस्त्याने यायचं तर वडखळ नाक्याची कोंडी वाट्याला येते, आणि गणपतीच्या आठवड्यात ती टाळायची असेल तर घरीच थांबलेलं बरं.

मांडव्याहून अलिबागकडे जाताना किहीम लागतं. आज ते धनिकांच्या बंगल्यांसाठी ओळखलं जातं, पण भारतीय पक्षीशास्त्रात त्याची जागा वेगळी आहे. १९३० सालच्या पावसाळ्यात सालिम अली इथे कुटुंबाच्या घरात राहात होते. जर्मनीत शिकून परतले होते, हाताला नोकरी नव्हती. जवळच सुगरणींची वसाहत होती. ते तासन्‌तास दडून बसून ती पाहात राहिले आणि सुगरणीच्या संसाराची उकल केली: नर घरटं अर्धं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर राहते, आणि ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या दुसरं घरटं विणायला घेऊन दुसरी मादी बोलावतो. हा अभ्यास पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाला आणि अलींचं नाव झालं. याच माणसाचा मानससरोवर आणि कैलासच्या पक्षीयात्रेवरचा लेख १९४६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये आला. किहीमचा किनारा आणि मानसचा काठ एकाच वहीत नांदू शकतात, याचा इतका चांगला पुरावा दुसरा नाही. सप्टेंबरात किहीम-चोंढीच्या बाजूला भातखाचरांच्या कडेला झाडांवर सुगरणीची घरटी अजून लटकलेली असतात. विहिरीवर किंवा ओढ्यावर लोंबणारी फांदी दिसली की मान वर करून पाहावं.

किनाऱ्यालगत उभा असलेला कनकेश्वरचा डोंगर याच दिवसांत चढण्यासारखा आहे. सातशेहून जास्त दगडी पायऱ्या, दोन्ही अंगांना दाट झाडी, वर शंकराचं देऊळ आणि पुष्करणी. श्रावणात पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात आणि गर्दीही असते. मार्चनंतर उकाडा चढू देत नाही. मधल्या काळात सकाळी सातला पायथा सोडला तर वरून धरमतरच्या खाडीपासून मुंबईपर्यंत नजर जाते. ओढ्याकाठच्या दगडांवर शेपूट हलवत फिरणारा करडा धोबी दिसला, तर तोही हिमालयातल्या झऱ्यांवरून आलेला आहे हे लक्षात असू द्यावं. थिरथिरा त्याच्यामागून, ऑक्टोबरात येतो.

अलिबाग गावात बहुतेकांचा मोर्चा थेट कुलाबा किल्ल्याकडे वळतो. शिवाजी महाराजांनी १६८० साली बांधायला घेतलेला हा किल्ला संभाजी महाराजांच्या काळात पुरा झाला आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं बनला. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून त्यावर हल्ला केला आणि हात हलवत परत गेले. ओहोटीला चालत जाता येतं. इथे पुन्हा तिथीचा हिशेब कामी येतो. किल्ल्यात राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ आहे. आणि चतुर्थीला भरती तीनला, म्हणजे ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास. गणपतीच्या तिथीला गणपतीची वाट कोरडी, आणि तीही ऊन चढायच्या आत. हा योग कुणी जुळवून आणलेला नाही, चंद्राने आणला आहे. पावसानंतर किल्ल्यातलं गवत कमरेएवढं असतं, गोड्या पाण्याचं तळं काठोकाठ. मात्र परतायला उशीर करू नये. पाणी वळलं की ते पर्यटकाच्या सेल्फीसाठी थांबत नाही, आणि गुडघाभर पाणी कमरेएवढं व्हायला फार वेळ लागत नाही. अष्टमीच्या भांगाला दुपारी बाराला ओहोटी असते खरी, पण पाणी पुरतं उतरत नाही. तेव्हा किल्ल्यावर नेणाऱ्या घोडागाडीवाल्याचं ऐकावं.

अलिबागच्या समुद्रकिनाऱ्याजवळच एक वास्तू आहे, तिच्यासमोरून लोक न पाहता जातात. ती म्हणजे चुंबकीय वेधशाळा. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी एकोणिसाव्या शतकात मुंबईत कुलाब्याला होत असत. शहरात विजेवरच्या ट्रामगाड्या येणार असं ठरल्यावर त्या विजेने नोंदी बिघडतील हे उघड झालं, आणि १९०४ साली वेधशाळेचं काम अलिबागला आलं. इमारतीत लोखंडाचा खिळासुद्धा चालणार नव्हता. म्हणून चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरचा दगड आणि तांब्या-पितळेचं सामान वापरलं गेलं. काही काळ दोन्ही ठिकाणी एकदमच नोंदी घेतल्या गेल्या, म्हणजे जुनी मालिका नव्याशी जोडता आली. त्यामुळे या नोंदींची गणना जगातल्या सर्वांत लांब मालिकांत होते. चिखल्यांशी याचा संबंध काय? दूरवर स्थलांतर करणारे अनेक पक्षी दिशा ठरवताना सूर्य-ताऱ्यांबरोबर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचीही मदत घेतात, असं प्रयोगांतून दिसलेलं आहे. ज्या क्षेत्राचा अंदाज घेत पाखरं आक्षीला पोचतात, त्याची नोंद दोन-तीन मैलांवर रोज होत असते. वेधशाळा हे संशोधनाचं ठिकाण असल्याने आत जायला आधी परवानगी काढावी लागते.

आक्षीत पक्ष्यांखेरीज आणखी एक गोष्ट पाहायची असते, आणि मराठी माणसाने तरी ती चुकवू नये. शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ सालचा मानला जाणारा मराठी शिलालेख. शिलाहार राजा केसीदेवराय याला त्यात पश्चिम समुद्राचा अधिपती म्हटलं आहे आणि त्याच्या प्रधानाने देवीसाठी दिलेल्या धान्याच्या दानाची नोंद आहे. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत दान चालावं. शकाचे आकडे कसे वाचायचे यावर अभ्यासकांत वाद आहेत, तरी आजवर सापडलेल्या सर्वांत जुन्या मराठी लेखांत त्याला मानाचं पान आहे. हा दगड कित्येक वर्षं रस्त्याच्या कडेला ऊनपाऊस खात पडला होता. सहलीच्या बसेस त्याच्या शेजारून धुरळा उडवत जात. आता कुठे त्याची निगा राखली जाते आहे.

सप्टेंबर-ऑक्टोबर हा अलिबाग परिसरातल्या बेने इस्रायलींच्याही सणांचा काळ. त्यांचे पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले अशी समाजात परंपरा आहे. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावोगाव त्यांना शनवार तेली म्हणत. रेवदंडेकर, नागावकर ही त्यांची आडनावं किनाऱ्याच्या नकाशावर बोट ठेवून वाचावीत अशी आहेत. ज्यू नववर्षाला ते नव्याचा सण म्हणतात, त्यानंतर खिरीचा सण येतो, आणि उपासाचा योम किप्पूर हा त्यांचा दरफाळणीचा सण. इस्रायल स्थापन झाल्यावर बहुतेक कुटुंबं तिकडे गेली. मागे थोडी उरली. अलिबागच्या इस्रायल आळीतलं मागेन आबोथ हे प्रार्थनामंदिर मूळचं १८४८ सालचं. सणाच्या दिवशी ते लोकांच्या उपासनेसाठी असतं. पाहुण्याने इतर दिवशी, विचारून जावं.

नागाव सोडून दक्षिणेला निघालं की रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांतून जातो. चौल आणि रेवदंडा ही जोडगोळी एकेकाळी जगाच्या व्यापारात होती, यावर आजची शांतता पाहून विश्वास बसत नाही. ग्रीक-रोमन लेखकांना हे बंदर माहीत होतं. रशियन प्रवासी अफनासी निकितीन पंधराव्या शतकात इथेच उतरला. वास्को द गामाच्या आधी तीस वर्षं. रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे. १५०८ साली चौलच्या खाडीत झालेल्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला. तरीही पोर्तुगीज टिकले, त्यांनी तटबंदी उभारली, आणि १७४० पर्यंत, म्हणजे मराठ्यांच्या ताब्यात जाईपर्यंत, राहिले. आज त्या तटाच्या आत वाड्या आहेत, आणि पडक्या चर्चच्या भिंतीवर पावसाळ्यानंतर वेल चढलेले असतात. चौलच्या रामेश्वर मंदिरात पर्जन्यकुंड आहे. अवर्षणात ते उघडायचं, अशी प्रथा. भाद्रपदात ते उघडायचं कुणाच्या मनातही येत नाही.

कुंडलिकेच्या मुखावर, पलीकडच्या अंगाला, कोर्लई. किल्ल्याची चढण अर्ध्या तासाची. हा डोंगर १५९४ साली पोर्तुगीजांनी निजामशाहीकडून जिंकला. खाली समुद्रात घुसलेल्या सोंडेवर दीपगृह आहे. सोनकीची पिवळी फुलं आणि तेरडा या दिवसांत डोंगरउतारावर असतो, आणि वरून एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला खुला समुद्र दिसतो. पण कोर्लईचं खरं नवल पायथ्याच्या गावात आहे. तिथल्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली बोली अजून बोलली जाते. तिला ते नौ लिंग म्हणतात. बोलणारे हजाराच्या आसपास, आणि सगळे मराठीही बोलतात. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशे वर्षं उलटल्यावर, आसपास ती भाषा बोलणारं दुसरं कुणी नसताना, एका गावाने ती धरून ठेवली. गावात कॅमेरा रोखून ‘जरा बोलून दाखवा’ असं म्हणणारे पर्यटक येतात. तसं करू नये. दुकानात बसून चहा घ्यावा, कानावर येईल.

काशीदच्या वळणावर गाड्यांची रांग लागलेली असते. पांढरी वाळू सुंदर आहे, पण शनिवार-रविवारी तिथे वाळूपेक्षा माणसंच जास्त. शिवाय पावसाळ्याच्या शेवटी समुद्राखालचे प्रवाह अजून जोरात असतात आणि काशीदचा उतार एकदम खोल जातो. पोहायचा मोह आवरून फणसाडकडे वळावं.

फणसाड हे जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान. १९८६ साली ते अभयारण्य झालं. विस्तार सुमारे ५४ चौरस किलोमीटर. सुपेगावच्या बाजूने आत शिरलं की दहा पावलांत किनारा विसरायला होतो. जंगलातल्या पाणवठ्यांना इथे गाण म्हणतात, फणसाड गाण, चिखलगाण अशी त्यांची नावं, आणि सप्टेंबरात त्या तुडुंब असतात. म्हणून मोठी जनावरं पाण्यावर येताना दिसायची शक्यता या दिवसांत कमीच, त्यासाठी एप्रिल-मे. पण फुलपाखरं पाहावीत तर आत्ता. शेकरू फांद्यांवरून उड्या मारताना दिसतो, निदान त्याचा ओरडा तरी ऐकू येतो. जळवा मात्र ऑक्टोबर लागेपर्यंत पाय सोडत नाहीत. मीठ-तंबाखू बरोबर ठेवावी.

मुरूडच्या जंजिऱ्याबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे, की इथे फक्त हंगामाचं सांगायला हवं. राजपुरीहून शिडाच्या होड्या सुटतात. जून ते ऑगस्ट किल्ला बंद असतो, कारण दरवाजाशी होडी लावणंच धोक्याचं. उघडल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत चांगले: बावीस एकरांतल्या पडक्या वाड्यांवर हिरवळ, गोड्या पाण्याचे तलाव भरलेले, आणि कलालबांगडी तोफेजवळ रांग नाही. सिद्दींनी हा किल्ला शेवटपर्यंत कुणाच्या हाती लागू दिला नाही. संस्थान १९४८ साली भारतात विलीन झालं. समोर समुद्रात दिसतो तो पद्मदुर्ग, शिवाजी महाराजांनी जंजिऱ्यावर नजर ठेवायला बांधलेला. तिथे नेहमीच्या होड्या जात नाहीत. समुद्र शांत असेल तर कोळ्यांशी बोलून जमतं, नाही तर नाही.

खाण्याबाबत एक गैरसमज दूर करायला हवा. रायगडात आलो म्हणजे पोपटी हवीच, असा हट्ट ऑक्टोबरातले पाहुणे धरतात. पोपटी वालाच्या शेंगांची, आणि शेंगा थंडीत येतात. ऑक्टोबरात मिळेल ती नावापुरती. तीच गोष्ट अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची. त्याला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण तो भात निघाल्यावर लावतात आणि काढणी उन्हाळ्याच्या तोंडाशी. या दिवसांत मासळी मात्र ताजी आणि भरपूर. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. बंदी उठल्यावर, नारळी पुनवेला नारळ वाहून झाला की होड्या पुरत्या जोमात असतात. बोंबील घरोघरी तळला जातो. पाऊस पुरता थांबला की कोळीवाड्यांत बांबूच्या वलांड्या उभ्या राहतात आणि बोंबील वाळत पडतात. मुंबईतून मोसमी पाऊस माघारी फिरायची हवामान खात्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे; त्याच्या आगेमागे वलांड्या भरलेल्या दिसतात. ज्यांना वास सोसत नाही त्यांनी वारा जिकडे वाहतो त्या अंगाला मुक्काम करू नये.

त्याच तारखेनंतर ऊनही तापतं. ऑक्टोबरातली रायगडची दुपार दमट आणि असह्य असते, हे जाहिरातींत कुणी सांगत नाही. म्हणून सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी चारनंतर असे दोनच पट्टे फिरायचे. मधला वेळ जेवण, झोप आणि प्रवास यांना द्यायचा.

आगरदांड्याहून जंगलजेटीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीने, राजपुरीची खाडी ओलांडली की दिघी, आणि पुढे दिवेआगर. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यात जमिनीवर आलं. दिवेआगर, श्रीवर्धन, मुरूडच्या वाड्यांतली नारळी-पोफळीची झाडं आडवी झाली. पोफळ लावल्यावर फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, त्यामुळे तेव्हा लावलेल्या रोपांतून आता कुठे सुपारी दिसू लागली आहे. वाडीतून चालताना उंच जुनी झाडं आणि त्यांच्यामधली ठेंगणी नवी झाडं असा फरक सहज कळतो. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे; पहिले भट पेशवे बाळाजी विश्वनाथ याच गावचे. दिवेआगरला शके ९८२ म्हणजे १०६० सालचा मराठी ताम्रपट मिळाला होता. १९९७ साली सुपारीच्या बागेत सापडलेला सोन्याचा गणपती २०१२ साली चोरीला गेला, दोन रखवालदारांचे जीव गेले, आणि मूर्ती नव्याने घडवून २०२१ साली बसवली. त्या गर्दीत गावातल्या रूपनारायणाच्या देवळाकडे पाहायचं राहून जातं. शिलाहारकालीन विष्णूमूर्ती आहे, दशावतार कोरलेली. ती पाहिल्याशिवाय निघू नये.

म्हसळ्याकडे वळणाऱ्यांसाठी चिरगाव. तिथल्या राईत गिधाडांची घरटी आहेत आणि स्थानिक लोक व निसर्गप्रेमी संस्थांनी ती राखली आहेत. वीण थंडीच्या तोंडाशी सुरू होते, म्हणून ऑक्टोबरात पक्षी जागेवर जमू लागलेले असतात. राईत शिरू नये, लांबून दुर्बिणीने पाहावं.

हरिहरेश्वरला देवळामागून सुरू होणारी प्रदक्षिणेची वाट खडकांच्या फटीतून पायऱ्यांनी खाली थेट समुद्रात उतरते. लाटांनी खडकांवर मधाच्या पोळ्यासारखी जाळी कोरलेली आहे. ही प्रदक्षिणा फक्त ओहोटीत करायची, आणि उधाणाच्या दिवसांत तीही पुजाऱ्यांना विचारून. इथे माणसं वाहून गेली आहेत. फलक लावले आहेत ते वाचण्यासाठी. पुनवेला सकाळी सहाच्या सुमारास ओहोटी, चतुर्थीला नऊच्या सुमारास. हिशेब आता वाचकाला येतो.

इथून सावित्रीच्या मुखाशी बागमांडला, आणि जंगलजेटीने पलीकडे वेसवी. तिथे रायगड जिल्हा संपतो. बाणकोटचा किल्ला आणि वेळास तिथून जवळ आहेत. वेळासच्या कासवांची पिल्लं मात्र फेब्रुवारीनंतर समुद्रात जातात, तेव्हा त्यांचा बेत वेगळा आखावा लागतो.